डबा नसलेला खजिना

जिओकॅशिंग म्हणजे काय, हे आईला फोनवर समजावताना माझी दर वेळी तारांबळ उडते. "कॅश म्हणजे पैसे?" नाही गं, कुणीतरी लपवलेला डबा. उपग्रहाच्या मदतीने शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तिथे ठेवून द्यायचा. "मग मिळालं काय?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही :)

मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दोन-तीन दिवसांतच ऑरेगनमध्ये पहिली बादली लपवली गेली. तेव्हापासून हे वेड चालू आहे.

तर मंडळी, विषय असा. बॉस्टनजवळच्या कॉन्कॉर्ड नदीत कनू घालणाऱ्या आमच्यासारख्यांची एक कायमची कुरकुर असते, की ग्रेट मेडोज अभयारण्यात डबे ठेवू देत नाहीत. मला मात्र ही बंदी मनापासून पटते.

ही नदी कमालीची संथ. सडबरी आणि असाबेट या दोन नद्या एग रॉकपाशी भेटतात आणि कॉन्कॉर्ड सुरू होते. (संगम म्हटला की आपल्याला देऊळ हवंच, इथे नुसता खडक!) काठावरच्या घरात १८४२ ते १८४५ राहिलेल्या हॉथॉर्नने लिहून ठेवलंय, की प्रवाह कुठल्या दिशेला जातो हे कळायला त्याला तीन आठवडे लागले. त्याने थोरोची नाव सात डॉलरला विकत घेतली होती. आमच्या चिरंजीवांनी दिशा शोधायला पाण्यात पान टाकलं, तर ते वाऱ्याने उलटं आमच्याकडेच आलं.

आता अशा नदीकाठी डबा ठेवला की काय होतं? झाडांखाली फोन काही मीटर इकडेतिकडे दाखवतोच. मग प्रत्येक जण कनू काठाला लावून चिखलात गोल गोल फिरतो. वर्षभरात तिथे पायवाट पडते. याच परिसरात ब्लँडिंग्ज टर्टल नावाचं पिवळ्या गळ्याचं कासव राहतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ते संकटग्रस्त मानलं जातं. त्याला वयात यायलाच पंधराएक वर्षं लागतात, आणि जूनमध्ये माद्या अंडी घालायला पाण्यापासून बऱ्याच लांब चालत जातात. आपल्या वहीतल्या एका सहीसाठी त्यांच्या वाटेत कशाला जायचं?

शोधणारे कचराही उचलून आणतात, हे खरं. मीही आणते. पण बाटली उचलली म्हणून तुडवलेलं गवत उभं राहत नाही.

आणि डब्याशिवायही खेळ होतोच की! २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार आहे. ठरलेल्या जागी जायचं, भूरचना बघायची, प्रश्नांची उत्तरं पाठवायची. नदी इतकी संथ का, हाच प्रश्न घ्या. हिमयुगाच्या शेवटी इथे हिमनद्यांच्या पाण्याची तळी साचली होती. त्यांच्या सपाट तळावरून ही वाहते, तीही उत्तरेकडे. हे कळायला कनूतून उतरावंही लागत नाही. वल्हं आडवं ठेवून बसलं तरी चालतं. अर्थात चिरंजीवांना हे पटलेलं नाही. डब्यातली प्लॅस्टिकची बेडकं त्यांना जास्त प्रिय आहेत, आणि त्यासाठी अभयारण्याबाहेर, परवानगी घेऊन ठेवलेले भरपूर डबे आहेत.

असो. या बाजूला कुणी येणार असाल तर सप्टेंबरात या. डास कमी असतात आणि माझ्याकडे एक वल्हं जास्तीचं आहे.