मजा माझी, पण दार कुणाचं?

परवा शुक्रवारी हापिसात जेवणाच्या टेबलावर भांडण पेटलं. विषय: ग्रेट गेम कशाला म्हणायचं? एक पार्टी म्हणाली, जो कुणालाही खेळता येतो तो. टेट्रिस, कँडी क्रश, वी स्पोर्ट्स वगैरे. दुसरी म्हणाली, छे! खेळताना मला मजा आली पाहिजे, बाकी जगाने तो अर्ध्यात सोडला तरी चालेल. वर्षभरापूर्वीपर्यंत अस्मादिक या दुसऱ्या पार्टीचे अध्यक्ष होते. आता राजीनामा दिलाय. पण पहिल्या पार्टीतही गेलेलो नाही. का, ते सांगतो.

आधी पहिल्या पार्टीचा समाचार. किती जणांना खेळता येतो, हा खपाचा हिशोब झाला. सापशिडी चार वर्षांच्या पोरालाही जमते, म्हणून ती काही बुद्धिबळाच्या वर जाऊन बसत नाही. टेट्रिस एका मिनिटात समजतो हे खरं, पण तो ग्रेट आहे तो त्यानंतर वर्षानुवर्षं पुरतो म्हणून. निन्टेंडोच्या कन्सोलवरचा टेट्रिस १९८९ चा. तो पार क्रॅश होईपर्यंत खेळणारा पहिला माणूस मिळाला डिसेंबर २०२३ मध्ये. तोही १३ वर्षांचा मुलगा, १५७ व्या लेव्हलला! तेव्हा ग्रेटपणा मजेतच असतो आणि मजा ज्याची त्याची असते, हे मला आजही शंभर टक्के मान्य आहे.

मग राजीनामा कशाला?

कारण दुसरी पार्टी इथेच थांबत नाही. ती पुढे म्हणते, 'मदतीच्या सेटिंग्ज दिल्या की गेमची माती होते.' २०१९ मध्ये सेकिरो आला तेव्हा यावरून जगभर रण माजलं होतं. गेमचा दिग्दर्शक मियाझाकी याची भूमिका अशी, की सगळ्यांसमोर एकच आव्हान असलं की सगळ्यांचा अनुभव एका पातळीवर येतो. मला ते तेव्हा फार पटलं होतं. शेवटच्या इशिनला हरवायला मला तीन वीकेंड लागले होते, आणि 'जमत नसेल तर खेळू नका ना राव' हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडावर फेकलं होतं.

मग मागच्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट गेलं. कीबोर्डची कृपा. डॉक्टरांनी सहा आठवडे स्प्लिंट बांधला. आई म्हणाली, 'अरे, आतातरी तो खेळ ठेव बाजूला.' ऐकतोय कोण! स्प्लिंटसकट सेकिरो उघडला, तर सुरुवातीचाच तो घोड्यावरचा सरदार मला रात्रभर तुडवत होता. डोक्याला सगळं माहीत होतं. वार कधी येणार, तलवार कधी आडवी धरायची, सगळं. अंगठाच वेळेवर पोचत नव्हता. 'जमत नसेल तर खेळू नका' हे माझंच वाक्य मला त्या रात्री परत मिळालं, व्याजासकट.

नंतर २०१८ चा सेलेस्ट घेतला. डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम, भयंकर अवघड. त्यात 'असिस्ट मोड' आहे. गेमचा वेग शंभरवरून पन्नास टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. मी सत्तरवर ठेवला. तरी शेकड्यांनी मेलो! पण या वेळी मरत होतो ते माझ्या चुकांनी, स्प्लिंटमुळे नव्हे. शिखर गाठलं तेव्हा झालेला आनंद इशिनच्या वेळेइतकाच होता, तसूभरही कमी नाही.

मुद्दा साधा आहे. अवघडपणा हा कोडमध्ये लिहिलेला आकडा नव्हे, तो गेम आणि हात यांच्यातला भागाकार आहे. एकच आकडा सगळ्यांना लावला की आव्हान सारखं होत नाही, उलट ज्याचा हात वेगळा त्याला वेगळाच गेम मिळतो. मियाझाकीला हवी असलेली समान पातळी आणायची, तर सेटिंग्ज द्याव्याच लागतील.

आणि 'मग माझं यश स्वस्त होईल' हे रडगाणं तर नकोच. २०२० चा द लास्ट ऑफ अस पार्ट टू बघा. साठाहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्ज. दृष्टी नसलेल्यांनाही आवाजाच्या खुणांवर तो पूर्ण करता येतो. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच गेमला 'ग्राउंडेड' नावाचा जीवघेणा अवघड मोडही दिला गेला. दोन्ही एकाच मेनूत सुखाने नांदतात. शेजारच्याने सेटिंग बदलली म्हणून तुमच्या इशिनची एक जखमही भरून येत नाही.

तेव्हा पहिल्या पार्टीने दाराला घर समजू नये. रुंद दार असलं म्हणून आत मजा असेलच असं नाही. आणि दुसऱ्या पार्टीने, म्हणजे माझ्याच जुन्या पार्टीने, घर आपल्याला आवडतं म्हणून दाराला कुलूप घालू नये.

असो. मनगट आता बरंय, सेकिरो परत सुरू केलाय. सोमवारी टेबलावर भेटूच.