‘मराठी’त अक्षरे किती?

‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती? बाराखडी गिरवलेले मूल तीन म्हणेल. पीएचपीमधील लांबी मोजणारी मूळ आज्ञा मात्र पंधरा सांगते!

वाचकाने मागितलेले पान सर्व्हरवर त्याच क्षणी रचून देणारी ही भाषा रासमुस लेरदॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवली. विकिपीडियाची पाने आजही तीच रचते. तिच्या लेखी एक बाइट म्हणजे एक अक्षर. इंग्रजीत हे खपून जाते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-वेलांटीही स्वतंत्र चिन्हेच ठरतात. म्हणून पाच त्रिक पंधरा. या हिशेबाने मजकूर छाटला, की चिन्हाचाच तुकडा पडतो आणि पानावर प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. चिन्हे मोजणाऱ्या आज्ञाही आहेत. त्या पाच सांगतात. पण चार चिन्हांवर छाटल्यास ‘मराठी’ची ‘मराठ’ होते. ही चूक अधिक घातक, कारण ती डोळ्यांना चूक वाटत नाही.

युनिकोड मुळापासून स्वीकारणारी सहावी आवृत्ती गुंतागुंतीच्या आणि वेग-स्मृतीच्या खर्चापायी २०१०मध्ये सोडून देण्यात आली. २०१५ साली थेट सातवी आली. अक्षर ओळखून तीन सांगणारी आज्ञा २००९पासून आहे, पण ती जोड-विस्तारात. म्हणजे इंग्रजीची मोजणी घरची, आपली पाहुणी.

‘हा तंत्रज्ञांचा प्रश्न’ असे म्हणून आपले मराठी विभाग हात झटकतात, हे मला अक्षम्य वाटते. अक्षर म्हणजे काय, हे ठरवणे कोणाचे काम? मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरे मोजायला आपणच शिकवतो ना? त्या मोजणीत ‘क्ष’ एकच अक्षर आहे. युनिकोडच्या अक्षरविच्छेदाच्या सर्वसाधारण नियमांत मात्र २०२३पर्यंत त्याचे दोन तुकडे पडत होते. जे छंदःशास्त्राला शतकानुशतके ठाऊक होते, ते यंत्राला सांगायला आपल्यापैकी किती जण गेले?

दोष पीएचपीचा एकटीचा नाही. जी व्याख्या आपण मांडत नाही, ती दुसरा कोणी आपल्या सोयीने मांडतो. निदान आपल्या विभागाचे संकेतस्थळ करून घेताना एक अट लेखी घालावी : छाटणी अक्षरावर व्हावी, बाइटवर नव्हे. ती तपासण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ‘क्षमा’ हा एक शब्द पुरतो.