दिवाळी अंकात गाडलेली कथा बाहेर काढा!

कथा छापून आली म्हणजे ती समाजापर्यंत पोहोचली, असा आपल्या लेखकांचा एक गोड गैरसमज आहे. चळवळीतील कितीतरी कथा एखाद्या दिवाळी अंकात, जयंती विशेषांकात किंवा संमेलनाच्या स्मरणिकेत एकदाच छापून आल्या आणि तिथेच संपल्या. लेखकाला दोन प्रती मिळाल्या, मानधन मिळाले तर मिळाले. पुढच्या वर्षी नवा अंक आला आणि जुना माळ्यावर गेला. कथासंग्रह काढावा म्हटले तर प्रकाशक उलट लेखकाकडेच पैसे मागतो. शिक्षकी किंवा गिरणीची नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या माणसाने ते आणायचे कुठून?

माळ्याचा भरवसा किती, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडले गेले, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरड कोसळली, आणि सावित्री-गांधारीचे पाणी महाड शहरात घराघरांत शिरले. माणसे गेली, त्यापुढे कागदाचे दुःख लहानच. परंतु ज्या घरात वाडवडिलांनी लिहिलेली एकुलती एक कथा एका अंकात होती, त्या घराचा लगदा झालेला तो अंक पुन्हा कुठून मिळणार? ज्यांच्या लिखाणाला वाडा नाही, ग्रंथालय नाही, त्यांचे लिखाण पहिल्या पुरात जाते.

कोणाचे लिखाण टिकते, हा प्रश्न गुणवत्तेचा कमी आणि साधनांचा जास्त आहे. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे 'शिवभारत' अपुरे राहिले, तरी तंजावरच्या राजसंग्रहात त्याची हस्तलिखिते जपली गेली आणि १९२७ साली ते छापून निघाले. त्याच १९२७ साली, २० मार्चला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्या पाक्षिकाचे अंक शासनाने 'मूकनायक'सह एकत्र छापले ते १९९० साली! मधल्या साठ वर्षांत ते कोणी जपले? कुठल्या राजाने नाही. कार्यकर्त्यांनी ट्रंकेत ठेवले, अभ्यासकांनी पदरमोड करून निवडक अग्रलेख छापले. महाड तालुक्यातील लाडवलीचे आर. बी. मोरे या लढ्याच्या उभारणीतले माणूस. ते १९७२ साली गेले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या २००३ साली, त्याही मुलाने कष्ट घेतले म्हणून. बाबासाहेबांच्या अंकांना साठ वर्षे लागली, तर गावच्या कथाकाराची वाट कोण पाहणार?

आज मात्र साधन हातात आहे. एकदा छापून आलेली कथा लेखकाने स्वतः, सुटी, ई-बुक म्हणून काढावी. संग्रहाची वाट पाहू नये. वीस पानांची एकच कथा हेही एक पुस्तक असू शकते. अशा पुस्तिकेची आपल्याला लाज वाटायचे कारण नाही, कारण आपली चळवळच पुस्तिकांवर वाढली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळविध्वंसन' ही पुस्तिकाच काढली होती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढे १९४४च्या आवृत्तीत ते लिहितात की, १९१७ साली एका नियतकालिकात आलेला आपला जातिसंस्थेवरील निबंध त्यात गुंफण्याचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही. म्हणजे जुने छापील लिखाण पुन्हा वाचकांपुढे यावे, ही तळमळ त्यांनाही होती.

इथे लेखक विचारतो, कथा तर अंकवाल्यांना दिली, आता ती माझी कुठे राहिली? ही भीती निराधार आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कथेचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कलम १९ तसे स्पष्ट सांगते. संपादकाला पोस्टाने कथा पाठवली, त्याने ती छापली, यात कथेची मालकी गेली नाही. करार झाला असेल, पण त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हते, त्याचा नावानिशी उल्लेख केल्याशिवाय त्या माध्यमाचा हक्क दिला गेला असे होत नाही. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतो. तेव्हा वडिलांची कथा काढताना सर्व भावंडांची लेखी संमती घ्यावी, म्हणजे पुढे भाऊबंदकी नको. आणि जिथे करार आहे तिथे तो आधी नीट वाचावा.

काम फार अवघड नाही, पण कष्टाचे आहे. जुने अंक श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार उडतो, जोडाक्षरे फुटतात. म्हणून मुद्रिते लेखकानेच ओळीओळीने वाचावीत. टंकलेखकाने आपल्या वाडीची बोली 'शुद्ध' करून टाकली, तर कथेचा प्राणच जातो. पहिल्या पानावर कथा कोणत्या अंकात, कोणत्या साली प्रथम आली ते लिहावे. काही बदल केला असेल तर तोही सांगावा. जुनी कथा नवीन म्हणून विकणे ही वाचकाची फसवणूक आहे, आणि आपला वाचक पोटाला चिमटा काढून पुस्तक घेतो, हे विसरू नये.

विक्रीच्या ठिकाणीही डोळे उघडे ठेवावेत. अॅमेझॉनच्या किंडलवर २०१६च्या अखेरीपासून मराठी ई-पुस्तके मिळतात आणि लेखक तिथे स्वतः पुस्तक चढवू शकतो. आयएसबीएन क्रमांकाचीही तिथे सक्ती नाही. लेखकाचा वाटा मात्र ३५ किंवा ७० टक्के. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने ई-बुकचा हक्क त्या एकाच दुकानाला बांधून द्यावा लागतो. मग तीच कथा दुसऱ्या संकेतस्थळावर विकता येत नाही, फुकटही देता येत नाही. ज्याला समाजाने वाचावे असे वाटते, त्याने ही अट मान्य करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. दुकानदाराच्या हाती मालाची किल्ली असते हेही लक्षात असावे. २००९ साली याच कंपनीने जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. म्हणून मूळ फाइल लेखकाच्या घरी, मित्राच्या घरी आणि पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा दूरच्या गावीही असावी.

काही जण म्हणतील, आमच्या वाड्यावस्त्यांवर रेंज नाही, म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर वाचवत नाही. आक्षेप खरा आहे. पण एकदा उतरवून घेतलेले ई-बुक रेंजशिवाय वाचता येते आणि त्याची अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. सातवीतली नात आजीला ते वाचून दाखवू शकते. शिवाय ई-बुकसाठी एकदा जुळवलेली कथा झेरॉक्सवरही पन्नास प्रतींत निघते. ई-बुक हे कागदी पुस्तिकेचे वैरी नव्हे, तिचे बियाणे आहे.

दरवर्षी १९-२० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडच्या क्रांतिभूमीत पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे बाबासाहेबांचे ग्रंथ हवेतच. परंतु त्यांच्या शेजारी याच खोऱ्यातील कथाकारांच्या सुट्या कथा का नसाव्यात? एक टेबल, मोबाइलने टिपायच्या क्यूआर कोडची एक पाटी आणि दहा कथांच्या पुस्तिका, एवढ्याने सुरुवात होते. प्रत्येक तालुक्यातील शिकलेल्या तरुणांनी आपल्या भागातील एकेका लेखकाची जबाबदारी घ्यावी. त्यांनी माळे उघडावेत, अंक शोधावेत, पाने टिपून घ्यावीत आणि कथा लेखकाच्या किंवा वारसाच्या नावाने काढावी. हक्क आणि पैसा त्याचाच राहील, श्रम समाजाचे.

पावसाळा कोणासाठी थांबत नाही. चवदार तळ्याचे पाणी कोणी आणून दिले नव्हते, तिथपर्यंत चालत जावे लागले होते. आपली कथाही कोणी घरपोच टिकवून देणार नाही. पुढच्या पुराआधी माळा उघडा!