शेंगदाणा तेलाची दंतकथा आणि तिच्यातून वगळलेली माणसे

१/ १० ऑगस्ट जवळ आला की एक गोष्ट हमखास फिरू लागते. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली याच दिवशी शेंगदाण्याच्या तेलावर आपले इंजिन चालवले. शेतकऱ्यासाठी घडवलेले ते यंत्र पुढे तेल कंपन्यांनी बळकावले. आपल्याकडे हा दिवस जागतिक जैवइंधन दिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे कथेला प्रतिष्ठाही लाभते. कथा गोड आहे, खरी नाही.

२/ ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्या दिवशी जे यंत्र प्रथम पेटले, त्यात शेंगदाण्याच्या तेलाचा थेंबही नव्हता. इंधन खनिज तेलापासूनचेच होते.

३/ शेंगदाणा आला १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. तेथे ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन या तेलावर चालवून दाखवले. ते खनिज तेलासाठी बांधलेले होते, तरी कोणताही बदल न करता ते इतके सुरळीत चालले की फारच थोड्यांच्या हे ध्यानात आले. हे खुद्द डिझेलनेच १९१२ साली सांगून ठेवले आहे. दंतकथेविरुद्ध याहून मोठा साक्षीदार कोणता हवा?

४/ आणि प्रयोगामागे इच्छा कोणाची? फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग उदंड पिकत होता. बाहेरून कोळसा वाहून नेण्यापेक्षा तिथली यंत्रे तिथल्याच पिकावर चालावीत, असा तो हिशेब. शेतकऱ्याचे स्वातंत्र्य या चित्रात मला शोधूनही सापडत नाही.

५/ आता रस्त्यावर येऊ. कच्चे वनस्पती तेल दाट असते. ते नीट फवारले जात नाही आणि इंजिनात काजळी धरते. यावर तोड काढली ब्रुसेल्स विद्यापीठाच्या शावान यांनी. पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढायचे, या कृतीचे पेटंट त्यांनी १९३७ साली घेतले. बायोडिझेल आजही मुख्यतः याच तत्त्वावर बनते. १९३८ साली या इंधनावर ब्रुसेल्स ते लूव्हाँ प्रवासी बस धावली. या संशोधनाचा वृत्तान्त १९४२ साली कुठे छापला गेला? बेल्जियन काँगोच्या कृषी-पत्रिकेत!

६/ त्याच काँगोत १९११ पासून सनलाइट साबणवाल्या लिव्हरला पामच्या अफाट प्रदेशावर सवलती मिळाल्या होत्या. पामचे घड उतरवायला माणसे सक्तीने लावली जात. १९३१ साली पेंडे लोकांनी बंड केले. वसाहतीच्या फौजेने ते चिरडले, शेकडो माणसे मारली गेली. सातच वर्षांनी ती बस धावली. तिच्या टाकीतले तेल नेमके कोणाच्या मळ्यातले, याविषयी माझा दावा नाही. पण पाम तेल स्वस्त का होते, हे सांगायला पेंडेंचे बंड पुरेसे आहे.

७/ ‘म्हणजे तुझा जैवइंधनाला विरोध?’ मुळीच नाही. उसाच्या आणि मक्याच्या इथेनॉलचा वाद जरूर घाला, पण त्यासाठी पाणी, जमीन आणि मजुरी यांचे आकडे आणा. डिझेलला शेतकऱ्यांचा हुतात्मा करू नका. यंदा कोणी ती गोष्ट पाठवली, तर खाली एवढेच विचारा : भुईमूग कोणाच्या शेतातला होता?