ओव्हरड्राफ्ट असताना बँक बदलताय? आधी नवी मंजुरी, मगच जुनं खातं बंद!

नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने 6 डिसेंबर 2021 रोजी निर्बंध लावले. नवीन कर्ज देणं, जुन्याचं नूतनीकरण करणं परवानगीशिवाय बंद झालं. 4 ऑक्टोबर 2023 रोजी परवानाही रद्द झाला.

ठेवीदारांना 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. ओव्हरड्राफ्टवर धंदा चालवणाऱ्याला नसतं. बँक बंद पडली तरी उचललेले पैसे अवसायक वसूल करतो. न वापरलेली मर्यादा मात्र हातची जाते.

म्हणून बँक बदलायची तर वेळ आपण ठरवावी.

▪ आधी नव्या बँकेचं मंजुरीपत्र घ्या. जुनी थकबाकी ती परस्पर फेडेल आणि तारण आपल्याकडे घेईल.
▪ नूतनीकरण नको, हे करारातल्या मुदतीआधी लेखी कळवा. खातं देय तारखेला बंद झालं, तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत नाही. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना हा नियम आहे.
▪ जुन्या खात्यावरचे चेक आणि हप्ते आधी वळवा.

बँकेचा ताळेबंद ठेवीदाराने वाचावा, असं आपण म्हणतो. कर्जदारानेही तो तितक्याच बारकाईने वाचायला हवा.