विश्लेषण : क्रूझच्या तिकिटात जेवण असतेच, मग ‘फाइन डायनिंग’चे वेगळे पैसे का?

क्रूझचे तिकीट काढले की खाणेपिणे त्यातच, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

तिकिटात नेमके काय येते?
मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे तिकिटात येतात. हॉलमधले जेवणही काही साधे नसते. वेटर टेबलावर वाढतात, मेनू रोज बदलतो. स्टेकहाऊस, सुशी, शेफ्स टेबल यांना मात्र वेगळे शुल्क. त्यावर रॉयल कॅरिबियनमध्ये 18, तर नॉर्वेजियनमध्ये 20 टक्के सेवाशुल्क लागते.

हा प्रकार नवा आहे का?
अजिबात नाही. 1905 मध्ये ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटनचे पैसे मोजून जेवायचे रेस्तराँ होते. टायटॅनिकवरही पहिल्या वर्गासाठी असेच एक होते. पुढे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर जेवायची पद्धत रुळली. नॉर्वेजियनने 2000 मध्ये ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणून ती मोडली. कधीही, कुठेही जेवा, असे म्हटल्यावर रेस्तराँ वाढली आणि त्यांची बिलेही.

कंपन्यांचे गणित काय?
कार्निव्हल कॉर्पोरेशनचा 2024 चा महसूल सुमारे 25 अब्ज डॉलर. त्यातले साडेआठ अब्ज तिकिटाबाहेरचे. यात दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली सगळे आले. पण जाहिरातीतले तिकीट स्वस्त का दिसते, ते यावरून कळते.

जेवण खरेच वेगळे असते का?
बऱ्याचदा हो, आणि कारण पाककौशल्यापेक्षा संख्येत आहे. हॉलमध्ये एकाच वेळी शेकडो ताटे निघतात. छोट्या रेस्तराँत ऑर्डर आल्यावर स्टेक तव्यावर जातो. (तवाही विजेवरचा. आगीच्या भीतीने जहाजाच्या स्वयंपाकघरात सहसा गॅस नसतो.) पण हॉलमध्ये चांगले जेवण मिळत असताना रोज रात्री जादा पैसे मोजावेत, एवढा हा फरक मला वाटत नाही.

बुकिंगआधी काय विचारावे?
शुल्क माणशी ठरावीक आहे की डिशप्रमाणे? जैन किंवा शाकाहारी जेवण कुठल्या रेस्तराँत मिळेल? मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर जैन जेवण मिळते, परदेशी जहाजांवर आधी कळवावे लागते. आणि रोजची ग्रॅच्युइटी तिकिटात धरली आहे का? माणशी 18 डॉलर धरले तर दोघांचे सात रात्रींचे 252 डॉलर होतात. ही रक्कम वेटर, केबिन कर्मचारी यांच्यासाठी असते. त्यांत गोव्याची मुले बरीच. त्यामुळे ती काढून टाकण्यापेक्षा एखादे स्टेकहाऊस वगळावे. रेस्तराँचे पॅकेज जहाजावर चढण्याआधी ऑनलाइन घेतले तर बहुधा स्वस्त पडते.