निळ्या पडद्यासमोर

२०१३ सालचा ३१ मार्च रविवारी आला होता. बँकेतल्या माणसाच्या लेखी मार्चअखेरीचा रविवार हा रविवार नसतो, त्यामुळे मी सकाळपासून शाखेतच होतो. रात्री नऊच्या सुमाराला घरून फोन आला. सौ. म्हणाली, ‘‘केबलवाला येऊन गेला. डब्बा घ्या म्हणतो, नाही तर टीव्ही बंद.’’ मी म्हणालो, ‘‘इथे माझा हिशेब जुळून नाही राहिला अन् तुला टीव्हीचं पडलंय!’’ आणि फोन ठेवला. ज्या कोणी सरकारी अधिकाऱ्याने केबलच्या डिजिटायझेशनची शेवटची तारीख म्हणून नेमका हाच दिवस निवडला, त्याच्या घरी बँकेत नोकरी करणारं कोणी नसावं.

तारीख मात्र कायद्याने ठरलेली होती. केबल टीव्हीच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि टप्पे पडले. पहिला टप्पा चार महानगरांचा, ३१ ऑक्टोबर २०१२ चा. दुसरा टप्पा दहा लाखांवर वस्तीच्या ३८ शहरांचा. त्यात पुणे, नाशिक, सोलापूर यांच्याबरोबर आपलं नागपूर. वायरमधून येणारा जुना ॲनालॉग सिग्नल बंद होणार आणि सेट टॉप बॉक्स नावाची वस्तू प्रत्येक घरी लागणार. आपल्या गावात त्या वस्तूला पहिल्या दिवसापासून ‘डब्बा’ हेच नाव पडलं आणि तेच टिकलं.

आता इतक्या वर्षांनी हे उकरून काढायचं कारण पुढे येईलच. आधी हे सांगतो की डब्ब्याविषयी माझी तक्रार नव्हती. उलट, हिशेबाचा माणूस म्हणून मला तो मनापासून पटला होता. जुन्या पद्धतीत केबलवाल्याने किती घरांत वायर टाकली आहे, ते त्याला आणि देवालाच ठाऊक. वहीत नावं भलतीच कमी. वाहिनीवाल्यांचे पैसे बुडत आणि सरकारचा करमणूक करही बुडे. आलेली तूट वाहिनीवाले दुसरीकडून भरून काढत. शिवाय जुन्या वायरीत एका वाहिनीला एक अख्खी वाट लागे, त्यामुळे ऐंशी-शंभर वाहिन्यांपुढे गाडी जात नसे. शेवटच्या नंबरांवरची चित्रं अंधुक, म्हणून पुढचा नंबर मिळावा यासाठी वाहिन्याच उलट केबलवाल्यांना पैसे मोजत. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांत मोडून दाबून पाठवतात, त्यामुळे त्याच एका वाटेने आठ-दहा वाहिन्या सुखाने येतात. प्रत्येक डब्ब्याला नंबर असतो आणि नंबर आला म्हणजे नोंद आली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या वह्या तपासल्या, त्याला याहून गोड बातमी कोणती?

डब्बा आमच्याकडे चार दिवसांनी आला. केबलवाल्याचा पोऱ्या वीसेक वर्षांचा असेल. दहा मिनिटांत त्याने वायरी खोचल्या, दोन रिमोट टेबलावर ठेवले आणि पैसे मोजून घेतले. पावती उद्या आणून देतो म्हणाला. ती अजून यायची आहे. चित्र मात्र असं लखलखीत की बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचा काठ जरीचा आहे, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्याला म्हटलं, ‘‘आईला जरा नीट समजावून दे.’’ तो दारातूनच म्हणाला, ‘‘काका, आज अजून सोळा घरं करायची आहेत. सोपं आहे, आजीला येऊन जाईल.’’

आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती.

आमच्या घरात टीव्हीचा कारभार पहिल्यापासून तिच्याकडेच होता. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, त्याच्या आदल्या महिन्यात मी बँकेतून कर्ज काढून कृष्णधवल संच आणला. हनुमाननगरच्या घराच्या गच्चीवर ॲंटेना बसवला, तोंड वायव्येला, सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे. संक्रांतीला त्यात हमखास पतंग अडकायचा आणि मांजा सोडवताना ॲंटेना फिरून जायचा. मग मी गच्चीवर, धाकटा भाऊ जिन्यात आणि आई संचासमोर, अशी आमची साखळी लागे. शेवटचा शब्द आईचा. पडद्यावर मुंग्या आल्या की त्या वाऱ्याने आल्या, पावसाने आल्या की शेजारच्यांनी मिक्सर लावला म्हणून आल्या, हे ती बसल्या जागेवरून सांगायची. मुंग्यांमधून सीता ओळखायची आणि रावणही. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं हे शास्त्र होतं आणि त्यात ती कधी चुकली नाही.

पुढे केबल आली. झाडावरून खांबावर आणि खांबावरून गच्चीवर काळ्या वायरी लोंबू लागल्या. रंगीत संच आला, रिमोट आला. आईने तेही सोडवलं. ती नंबर वाचत नसे, बटणं मोजत असे. दुसऱ्या ओळीतलं मधलं बटण म्हणजे सह्याद्री. भजनाची वाहिनी त्याच्या खालचं. मी बँकेत, सौ. शाळेत, मुलगी कॉलेजात. दुपारी अकरा ते पाच आई आणि टीव्ही एवढीच घरात असत. कूलरच्या आवाजात तिला निम्मं ऐकू येत नसे, पण चित्रं हलत असली की घरात माणूस असल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर नागपूरचं ऊन पेटलेलं असताना, मी काही कामाने तीन वाजताच घरी आलो. आई नेहमीच्या खुर्चीत बसली होती. समोर पडदा निळा. वर कोपऱ्यात इंग्रजीत दोन शब्द: नो सिग्नल. तिने चुकून टीव्हीच्या रिमोटवरचं बटण दाबलं होतं, एवढंच. डब्बा चालू होता, वायर शाबूत होती. मी विचारलं, ‘‘कधीपासून असं आहे?’’ म्हणाली, ‘‘तुम्ही सकाळी गेल्यावर.’’ ‘‘मग फोन नाही का करायचा?’’ तर ती म्हणाली, ‘‘माझ्या हातून बिघडला असंन म्हटलं. नवा आहे नं बापू, म्हणून मग हातच नाही लावला.’’

मी बटण दाबलं, चित्र आलं. पण संध्याकाळी सौ.ने सांगितलं की हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. दहा-बारा दिवसांत चारदा घडलं होतं आणि दरवेळी आईने तिला ‘त्याला सांगू नको’ असं बजावलं होतं.

जुना ॲनालॉग सिग्नल बिघडायचा तोही माणसासारखा, हळूहळू. आधी आवाज खरखरायचा, मग मुंग्या, मग पट्टे. बघणाऱ्याला कळायचं की काहीतरी होतंय, आणि काय होतंय याचा अंदाजही यायचा. तोवर अर्धवट का होईना दिसत राहायचं. डिजिटलला अधलंमधलं ठाऊक नाही. चित्र असेल तर आरशासारखं. थोडं डगमगलं तर चौकोन चौकोन होऊन गोठतं, आणि मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये दोष वायरीचा, डब्ब्याचा, न भरलेल्या पैशांचा की आपल्या बोटाचा, हे कळायला मार्ग नसतो. शिकलेला माणूस केबलवाल्याला शिव्या देतो. ज्याला आपल्या शिक्षणाची आधीच लाज वाटत आलेली असते, तो दोष आपल्याकडे घेतो आणि गप्प बसतो.

त्या रात्री मला एक जुना खातेदार आठवला. ९९-२००० च्या सुमारास आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले. ते काम वेळेत पुरं करण्याची जबाबदारी माझ्यावर होती आणि मी ते वेळेआधी पुरं करून वरिष्ठांची शाबासकी मिळवली. लेजरची मोठी बाडं माळ्यावर गेली. मिलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर महिन्याला पेन्शनसाठी येत. लेजर होतं तेव्हा क्लार्क ते त्यांच्याकडे फिरवून शेवटच्या आकड्यावर बोट ठेवी. ते मान डोलवत आणि जात. कॉम्प्युटर आल्यावर ते काउंटरशी उभे राहून मला म्हणाले, ‘‘साहेब, माझं पान दाखवा.’’ मी म्हणालो, ‘‘पान आता नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे सगळं.’’ मॉनिटरचं तोंड आमच्याकडे होतं. रांग लांब होती. ते निघून गेले. पुढच्या महिन्यापासून पेन्शन जमा झाली की सगळी रक्कम ते त्याच दिवशी काढून घरी नेऊ लागले. त्यांच्या वस्तीत चोऱ्या होत. मला हे दिसत होतं आणि मी काही केलं नाही. मॉनिटर एक वीतभर वळवायला किती वेळ लागला असता?

म्हणून मी त्या केबलच्या पोऱ्यावर रागावू शकलो नाही. त्याला सोळा घरं होती, मला रांग होती. त्याच्या मालकाने किती डब्बे बसवले ते मोजलं, मालकाच्या वरच्याने मोजलं, मंत्रालयाने मोजलं. डब्ब्यासमोर बसणाऱ्याला तो चालवता येतो का, हे मोजणं मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

ते यादीत घालता येतं. तिकडचं सगळं चांगलं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, पण या बाबतीत इंग्लंडचं उदाहरण सांगण्याजोगं आहे. तिथे केबलची नव्हे, हवेतून येणाऱ्या टीव्हीची पद्धत बदलायची होती. २००७ साली व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात झाली आणि २४ ऑक्टोबर २०१२ ला उत्तर आयर्लंडमध्ये काम संपलं. आपल्या महानगरांच्या टप्प्याच्या बरोबर आठवडाभर आधी. पंचाहत्तरी गाठलेले, गंभीर अपंगत्व असलेले आणि अंध अशा लोकांसाठी तिथे मदतीची वेगळी योजना होती. माणूस घरी यायचा, वापरायला सोपं यंत्र जोडायचा आणि ते कसं चालवायचं ते समोर बसून दाखवायचा. बहुतेकांना ४० पौंड पडत, अगदी गरिबांना काही नाही. अमेरिकेने दर घरी ४० डॉलरची दोन कूपनं दिली, आणि तरीही पुष्कळ घरं तयार नाहीत असं दिसल्यावर फेब्रुवारी २००९ ची तारीख पुढे ढकलून १२ जून केली. आपल्याकडेही तारखा पुढे गेल्या. पण त्या डब्बे कमी पडले म्हणून गेल्या, म्हाताऱ्यांना शिकवायचं राहिलं म्हणून नव्हे.

आपण गरीब देश, आपल्याला हे परवडत नाही, असं कोणी म्हणेल. मी हिशेब करून पाहिला. डब्ब्यामागे पाच-पन्नास रुपये जास्त घ्या आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात पोऱ्याला अर्धा तास बसू द्या. आमच्या नागपुरात त्याला चहा आणि चिवडा तर कोणीही दिला असता.

आमच्याकडचा प्रश्न मुलीने सोडवला. टीव्हीचा रिमोट कपाटात कुलपात टाकला. डब्ब्याच्या रिमोटवर आईला लागणारी पाच बटणं तेवढी उघडी ठेवली आणि बाकी सगळ्यांवर दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. उघड्या बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. एक रविवार ती आजीजवळ बसली. मुद्दाम बिघडवायची आणि म्हणायची, ‘‘आता तू दुरुस्त कर.’’ तिसऱ्या वेळी आईने चित्र परत आणलं. पुढची चार वर्षं, म्हणजे २०१७ साली ती गेली तोपर्यंत, तिने पुन्हा कोणाला हाक मारली नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत नवीन दरपद्धत आली. शंभर मोफत वाहिन्यांसाठी १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे; पैशाच्या वाहिन्या निवडाल त्याप्रमाणे वेगळ्या. याद्यांचे कागद पसरून सौ. आणि मी दोन संध्याकाळी भांडलो. पावणेचारशेवरचं बिल मी तीनशेच्या आत आणलं आणि विजयी मुद्रेने झोपलो. सकाळी लक्षात आलं की भजनाची वाहिनी मी खोडली होती. ऐकणारं घरात कोणी उरलं नव्हतं, तरी ती परत घातली.

प्रसार भारतीने मोक्याच्या जागांवरचे सुमारे ५० वगळता देशभरातले उरलेसुरले ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचं जाहीर केलं. पुन्हा ३१ मार्च! आमच्या गच्चीवरचा ॲंटेना अजून वायव्येकडे तोंड करून उभा आहे. सौ. त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालते.

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली आणि तिने डब्बाच काढून टाकला. आता टीव्ही इंटरनेटवर चालतो. रिमोटला जेमतेम दहा बटणं आहेत आणि त्यातलं एकही बातम्यांचं नाही. तिने दोनदा भरभर सांगितलं, मी दोनदा मान हलवली. निघायच्या दिवशी मात्र धीर करून वही काढली आणि म्हटलं, ‘‘आता हळू सांग, लिहून घेतो.’’ सात पायऱ्या झाल्या. चौथ्या पायरीला माझी गाडी अडते. मी फोन लावतो, ती मीटिंगमध्ये असते. मग सौ. आणि मी पडद्याकडे बघत बसतो आणि तिचा फोन येईपर्यंत कोणीच कशाला हात लावत नाही.